अडीच चालतं कुठे आणि २.५४ लागतं कुठे: फूट-मैल आणि मीटर-किलोमीटरचा खान्देशी हिशोब

चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन टाकायची होती. मी स्वतः टेप धरून अंतर मोजलं, ते भरलं १२०० फूट. पीव्हीसीचा पाइप ‘वीस फुटी’ येतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाराशे भागिले वीस, साठ. साठ पाइप आणले, चारी खणली, मजूर लावले. दिवस मावळायला आला तेव्हा शेवटच्या टोकाला साडेअकरा मीटरची चारी तशीच उघडी होती आणि पाइप संपले होते.

आबा बांधावर बसून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “कितला फूट कमी पडना रे?” मी म्हणालो, “साडेअकरा मीटर.” बोललो आणि माझं मलाच उमगलं. मोजलं फुटांत, आणलं मीटरमध्ये, आणि मधला हिशोब केलाच नव्हता. तो ‘वीस फुटी’ पाइप ६ मीटरचा असतो, म्हणजे १९ फूट सव्वाआठ इंच. एका पाइपाला पावणेचार इंच कमी, ही काही डोळ्यांत भरणारी गोष्ट नाही. साठ पाइपांना मात्र तेच जवळजवळ १९ फूट झाले. वर प्रत्येक जोडाला एक पाइप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये दहाएक सेंटीमीटर आत शिरतो. एकोणसाठ जोडांचे तेही पावणेसहा-सहा मीटर. असे मिळून दोन पाइप.

तेव्हापासून ठिबकची, पाइपलाइनची, बांधकामाची कामं करताना मी एक प्रश्न आधी विचारतो: इथे इंचाला अडीच सेंटीमीटर धरून भागेल, की २.५४च धरावे लागतील? पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी पाठ करायचे आकडे

आकडे चारच आहेत आणि त्यांतला खरा एकच, बाकीचे त्याच्या पोटातून निघतात.

१ इंच = २.५४ सेंमी
१ फूट = १२ इंच = ३०.४८ सेंमी
१ वार = ३ फूट = ९१.४४ सेंमी
१ मैल = १७६० वार = १६०९.३४४ मीटर

यातला २.५४ हा ‘सुमारे’ नाही, तंतोतंत आहे. पूर्वी अमेरिकेचा इंच आणि इंग्लंडचा इंच यांत केसाएवढा फरक होता. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर असं ठरवून टाकलं. म्हणजे आज इंचाची व्याख्याच मीटरवरून केलेली आहे. इंच-फुटांचा कितीही अभिमान असला तरी त्यांचं मूळ आता मीटरच्या घरात आहे.

मीटर तरी कुठून आला? १७९१मध्ये फ्रेंचांनी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असं ठरवलं. १९८३पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६चा. १९५८पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२पासून सक्तीची झाली. कायद्याने सगळं बदललं, तोंडात मात्र फूट तसाच राहिला. बोरवाला आजही फुटाचा भाव सांगतो, प्लॉट चौरस फुटांत विकला जातो, नवरी मुलगी पाच-तीन असते. यात चुकीचं काही नाही. दोन्ही मापं वापरायला हरकत नाही, एकाच हिशोबात दोन्ही घुसवली की घोटाळा होतो.

तोंडी हिशोब: अडीचकी अजून कामाची आहे

आबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे शाळेत घोकावे लागायचे. आम्ही ते सोडले आणि मोबाइलचं कॅल्क्युलेटर धरलं. पण इंचाचे सेंटीमीटर करताना अडीचकी जितकी पटकन येते तितकं काहीच येत नाही. दहा अडीच पंचवीस, म्हणून १० इंच म्हणजे २५ सेंमी. खरं उत्तर २५.४.

आता यातली खुबी पाहा. अडीच धरल्यावर प्रत्येक इंचामागे ०.०४ सेंमी सुटतात. म्हणजे २५ इंचांमागे बरोबर १ सेंमी. म्हणून आधी अडीचकी म्हणायची आणि मग दर २५ इंचांना १ सेंमी वाढवायचा. उत्तर तंतोतंत येतं. ५० इंच घ्या: अडीचकीने १२५, वर २, झाले १२७ सेंमी. कॅल्क्युलेटर काढून ताडून पाहा.

फुटांनाही असंच करता येतं. फुटाला ३० सेंमी धरा, मग दर २५ फुटांना १२ सेंमी वाढवा. माझे ते १२०० फूट: तीस सेंमीने ३६० मीटर, आणि १२००मध्ये २५ अठ्ठेचाळीस वेळा जातात, म्हणून ४८ गुणिले १२, म्हणजे ५७६ सेंमी. एकूण ३६५.७६ मीटर. हे दुकानात जाण्याआधी केलं असतं तर आबांचा तो प्रश्न ऐकावा लागला नसता.

उलट जायचं असेल, म्हणजे मीटरचे फूट, तर तिप्पट करा आणि त्या तिपटीचा दहावा भाग वाढवा. ६ मीटर: अठरा, वर एक पूर्णांक आठ, १९.८ फूट. खरे १९.६९. बोलायला पुरे, खरेदीला नाही.

मैलाचे किलोमीटर करताना दिडकी आणि वर मूळ मैलांचा दशांश. २० मैल: दिडकीने ३०, दशांश २, एकूण ३२. खरे ३२.१९. किलोमीटरचे मैल करताना निम्मे करा आणि त्या निम्म्याचा पाव वाढवा. १०० किलोमीटरचे ५० आणि साडेबारा, साडेबासष्ट मैल. खरे ६२.१४.

आणखी एक गंमत. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ अशी एक संख्यामाला आहे, प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज. जग तिला फिबोनाचीच्या नावाने ओळखतं, पण गुजरातच्या हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, छंदांच्या मात्रा मोजताना तीच मांडली होती. या मालेतला कुठलाही आकडा मैल समजा, पुढचा आकडा जवळपास किलोमीटर असतो. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर, ५५ मैल म्हणजे ८९. जळगाव ते धुळे नव्वदच्या आसपास किलोमीटर आहे, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला ‘पंचावन्न मैल’ सांगा, त्याला अंदाज येईल.

टेप हातात घेताना

बहुतेक चुका गणितात होत नाहीत, टेप वाचताना होतात. म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट, लोखंडी टेपच्या टोकाचं हुक किंचित हलतं. ते सैल झालेलं नसतं, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. काठाला अडकवून ओढलं की ते स्वतःच्या जाडीइतकं पुढे येतं, भिंतीला टेकवून दाबलं की तितकंच आत जातं. त्यामुळे दोन्हीकडून माप बरोबर येतं. एका मिस्त्रीने ते ठोकून पक्कं केलेलं मी पाहिलं आहे. पुढे त्याच्या सगळ्या चौकटींची मापं एकाच बाजूला चुकायची.

दुसरी गोष्ट, शेतात वापरायचा फायबरचा लांब टेप. ३० मीटरच्या टेपला आपण सरसकट ‘शंभर फुटी’ म्हणतो. ३० मीटर म्हणजे ९८ फूट ५ इंच. टेप पूर्ण सोडला की ‘एक टेप, दोन टेप’ असं मोजायची सवय असेल तर दर टेपामागे दीड फूट जास्त लिहिला जातो. दहा टेपांचं शेत कागदावर १००० फूट होतं आणि जमिनीवर ते ९८४ फूटच असतं.

तिसरी गोष्ट सूत. गवंडी, सुतार, सळईवाले सगळे सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. सळई मिलिमीटरमध्ये येते, पण साइटवर ८ मिमीला ‘अडीच सूत’, १०ला ‘तीन सूत’, १२ला ‘चार सूत’, १६ला ‘पाच सूत’ असं म्हणतात. ही नावं आहेत, मापं नाहीत. चार सूत म्हणजे खरं तर १२.७ मिमी. इंजिनिअरच्या नकाशात १२ मिमी लिहिलं असेल तर १२च आणायची, सुताचं गणित करत बसायचं नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त पैसे खाते: टिंब. ५ फूट ६ इंच हे लोक ५.६ फूट असं लिहितात. फुटाचे दहा भाग नसतात, बारा असतात. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.५ फूट. आणि ५.६ फूट म्हणजे ५ फूट सव्वासात इंच. मग ५ फूट ११ इंच टिंबाने कसं लिहाल? ५.११ लिहिलं तर ते साडेपाचपेक्षा लहान दिसतं. म्हणून फूट-इंच लिहायचे तर अक्षरात लिहा, ‘५ फू. ६ इं.’ असं. टिंब मीटरसाठी राखून ठेवा. मीटरला टिंब शोभतं, कारण तो दहाच्या भाषेत बोलतो.

पाचवी, एक माणूस मोजणारा, एक लिहिणारा, आणि कामाला सुरुवात करण्याआधी ठरवायचं: आज फूट की मीटर. टेपच्या एका काठावर इंच असतात आणि दुसऱ्यावर सेंटीमीटर. उन्हात डोळा कधी वरच्या काठावर जातो, कधी खालच्या.

शेत: गुंठा, आर आणि सातबारा

लांबी चुकली तर एकदाच चुकते. क्षेत्रफळात तीच चूक दोनदा घुसते, लांबीतून एकदा आणि रुंदीतून एकदा. म्हणून जमिनीच्या बाबतीत अडीचकीचा मोह टाळायचा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हा तेहतीसचा विचित्र आकडा साखळीतून आला. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. ती इंग्रजी मोजणीच्या ६६ फुटी साखळीची बरोबर अर्धी. ती ६६ फुटी साखळी एडमंड गुंटर या इंग्रजाने १६२०च्या सुमारास काढली, आणि तिच्यात एक चतुराई होती: एका मैलात ८० साखळ्या, एका फर्लांगात १०, आणि एक फर्लांग लांब व एक साखळी रुंद अशी पट्टी म्हणजे बरोबर एक एकर, ४३,५६० चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर त्यातूनच बसतो.

सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. एक आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, १०० चौरस मीटर. आणि गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर. दोघं इतके जवळ आहेत की लोक आरलाच गुंठा समजतात. घराच्या अंगणाएवढ्या जागेत तसं चालेल. पण एकराच्या व्यवहारात ‘चाळीस आर म्हणजे एकर’ म्हणाल तर जवळपास ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट, हातातून गेले. तेवढ्यात दोन खोल्यांचं घर होतं.

सातबारा हातात आला की असं करा.

आधी आकडा नीट फोडा. ०.८१.०० म्हणजे ० हेक्टर, ८१ आर, ० चौरस मीटर. टिंबांना दशांश समजू नका, ते फक्त कप्पे पाडतात.

मग सगळं आरमध्ये आणा. १ हेक्टर २० आर म्हणजे १२० आर.

आता आरला १०१.१७ने भागून १००ने गुणा, गुंठे मिळतात. १२० आरचे ११८.६ गुंठे.

शेवटी चाळीसने भागा: दोन एकर आणि ३८.६ गुंठे. तोंडाने लोक याला तीन एकर म्हणतात. बोलताना म्हणा, सौदा करताना म्हणू नका.

इथेही टिंबाचा सापळा आहे. २ एकर १० गुंठे म्हणजे २.१० एकर नाही, २.२५ एकर. दहा गुंठे म्हणजे पाव एकर.

हेक्टरचे एकर करताना लोक अडीचनेच गुणतात. खरा आकडा २.४७१. इंचाला अडीच धरलं की उत्तर कमी येतं, हेक्टरला अडीच धरलं की जास्त येतं, हे लक्षात ठेवा. चार हेक्टरचे अडीचकीने दहा एकर होतात. प्रत्यक्षात ९ एकर ३५ गुंठे. साडेचार गुंठ्यांहून जास्त जमीन हवेतून निर्माण झाली. विकणाऱ्याला अडीचकी आवडते ती उगाच नाही.

केळी आणि कापूस: लागवडीचं अंतर

आमच्याकडे केळीचं अंतर ‘पाच बाय पाच’ म्हणतात आणि पुस्तकात १.५ गुणिले १.५ मीटर लिहितात. सगळे ते एकच धरतात. पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर. फरक फक्त २.४ सेंमी, दोन बोटंही नाहीत. पण रोपं मोजून बघा.

पाच बाय पाच फुटांवर एकराला ४३,५६० भागिले २५, म्हणजे १७४२ रोपं बसतात. दीड बाय दीड मीटरवर १७९८. एका एकराला ५६ रोपांचा फरक, पाच एकरांना २८०. टिश्यू कल्चरच्या रोपाची किंमत आज काय आहे ती तुम्हीच लावून बघा. रोपं मीटरच्या हिशोबाने मागवायची आणि लागवड फुटाच्या दोरीने करायची, असं केलं की शेवटी रोपांचे ट्रे बांधावर उरतात.

ठिबकच्या नळीलाही हाच नियम. पाच फुटांच्या ओळींना एकरी २६५५ मीटर लॅटरल, म्हणजे ओळीत टाकायची नळी, लागते, दीड मीटरच्या ओळींना २६९८. त्रेचाळीस मीटर नळी म्हणजे काही लाख मोलाची गोष्ट नाही, पण गुंडाळी संपते ती नेमकी शेवटच्या ओळीत.

ठिबकमध्ये खरी अडचण नळीवरच्या ड्रिपरची, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोटीची. इनलाइन नळीत ड्रिपर कारखान्यातच बसवलेले असतात आणि त्यांचं अंतर सेंटीमीटरमध्ये असतं: ३०, ४०, ५०, ६०. कापूस तुम्ही दीड फुटावर लावला, म्हणजे ४५.७२ सेंमीवर, आणि नळी घेतली ५० सेंमीची. पहिलं झाड ड्रिपरजवळ. दुसरं सव्वाचार सेंमी अलीकडे सरकलं. पाच-सहा झाडांनंतर झाड बरोबर दोन ड्रिपरच्या मध्ये येतं. दहा ड्रिपर संपतात तिथे अकरा झाडं होतात आणि मग पुन्हा जुळतं. आमच्या काळ्या जमिनीत ओल आडवी पसरते, म्हणून निभावून जातं. सातपुड्याच्या पायथ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत मधली झाडं मागे राहिलेली डोळ्यांनी दिसतात.

उपाय सोपा आहे. लागवडीच्या दोरीवर खुणा फुटांत करू नका. नळी शेतात पसरवा, तिच्यावरचं अंतर सेंटीमीटरच्या टेपने मोजा आणि तेवढ्याच अंतरावर दोरीला रंग लावा. ज्या मापात वस्तू बनली आहे त्याच मापात काम करायचं, एवढाच यातला कायदा.

पाइप आणि बोर

पाइपलाइनचा हिशोब आता तुम्ही स्वतःच कराल. लांबी मीटरमध्ये मोजा, ६ने नाही तर ५.९ने भागा, वर एक पाइप जादा घ्या. माझ्या ३६५.७६ मीटरला ५.९ने भागलं तर ६२ येतात. सॉकेट धरून ६ मीटर की सॉकेट सोडून, हे दुकानात विचारून घ्या, दोन्ही प्रकार मिळतात.

पाइपाचा ‘इंच’ ही वेगळीच भानगड आहे. ६३ मिमीला दोन इंची, ७५ला अडीच इंची, ९०ला तीन इंची, ११०ला चार इंची म्हणतात. दोन इंच म्हणजे खरं तर ५०.८ मिमी. मिलिमीटरचा आकडा पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचा आहे आणि इंचाचं नाव जुन्या पाइपांच्या आतल्या व्यासावरून चिकटलेलं. इथे २.५४ने गुणायला जाऊ नका, जोडी पाठ करा.

बोरची खोली फुटांतच राहू द्या, सगळा बाजार फुटांत बोलतो. फक्त केबल आणि दोर मीटरमध्ये विकत घेता, तेव्हा दर १०० फुटांना साडेतीस मीटर धरा, तीस नाही. आजोबांच्या काळी विहीर फुटांत नव्हे, परसांत मोजायचे. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. माणूस उंच की बुटका यावर विहिरीची खोली ठरायची.

माणसाच्या अंगावरून माप घेण्याची ही रीत फार जुनी. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसराशी नाव जोडलेले भास्कराचार्य यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त सुरुवातीलाच मापं सांगून ठेवली आहेत: २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश, ४ क्रोशांचं योजन. हात साधारण दीड फुटाचा धरला तर ८००० हातांचा क्रोश १२,००० फुटांचा होतो, म्हणजे सुमारे ३.६६ किलोमीटर, सव्वादोन मैल. आपण बोलतो तो कोस दोन मैलांचा, सव्वातीन किलोमीटरचा. भास्कराचार्यांनीही गणिताला हात घालण्याआधी मापं पक्की केली, हे मला फार आवडतं.

रस्ता आणि रेल्वे

रस्त्यावर फार शिकायचं नाही. ‘मैलाचा दगड’ असं आपण म्हणतो, त्यावर आकडा असतो किलोमीटरचा. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला लहान दगड असतात. जुनी माणसं त्यांना फर्लांगाचे दगड म्हणतात तेव्हा त्यांना हसू नका. एक फर्लांग म्हणजे २०१.१७ मीटर. सव्वा मीटरचा काय तो फरक. ‘फर्लांगभर चाला’ असं कोणी सांगितलं तर लहान दगडापासून लहान दगडापर्यंत चाला.

रेल्वेत मात्र जुना इंच मिलिमीटरचा सदरा घालून बसला आहे. भुसावळवरून धावणाऱ्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिमी. पाचोरा-जामनेरची आपली छोटी गाडी धावायची त्या नॅरोगेजचं ७६२. असले ओबडधोबड आकडे कोण निवडेल? कोणी निवडले नाहीत. १६७६ म्हणजे साडेपाच फूट आणि ७६२ म्हणजे बरोबर अडीच फूट. दशमान कागदावर असा अवघडलेला आकडा दिसला की त्याला २५.४ने भागून बघा, आतून इंच निघतो.

मैलांचा प्रश्न येतो तो परदेशात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रस्त्याच्या पाट्या अजून मैलांत आहेत. तिथे गाडी चालवणार असाल तर फोनच्या नकाशात अंतराचं एकक मैल करून घ्या, म्हणजे पाटी आणि फोन एकच बोलतील. आणि चक्रीवादळाच्या बातम्यांत येतो तो सागरी मैल वेगळा, १८५२ मीटरचा. त्याला दिडकी लावू नका.

कापड आणि उंची

वार आता फक्त नऊवारी-सहावारीत जिवंत आहे. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, सहा वार म्हणजे ५.४९. म्हणून दुकानदार सहावारीला साडेपाच मीटर सांगतो ते बरोबर आहे, ब्लाउजपीसचं कापड वेगळं धरायचं. जुना शिंपी ‘अडीच वार’ म्हणाला आणि तुम्ही अडीच मीटर आणलं तर वीतभर कापड उरेल, काही बिघडत नाही. उलट झालं तर बाही आखूड होईल.

उंचीकडे येतो, कारण यात पोरांचं नुकसान होताना पाहिलं आहे. पहाटे आमच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. पळण्याचं अंतर १६०० मीटर, त्याला ते ‘एक मैल’ म्हणतात. मैल ९ मीटर ३४ सेंमीने मोठा आहे, सरावात मैल पळालात तर फायदाच. पण पोलीस शिपाई भरतीत पुरुषांची किमान उंची १६५ सेंमी आहे आणि पोरं सांगतात, “माझी पाच-पाच आहे, चालून जाईल.” करा अडीचकी: पाच फूट पाच इंच म्हणजे ६५ इंच. पासष्ट अडीच साडेबासष्ट आणि शंभर. दर २५ इंचांना एक, म्हणून वर २.६. आले १६५.१. कपाळाला घाम फुटेल इतकी जवळची गोष्ट, फक्त एक मिलिमीटर वर. आणि दारावर पेन्सिलने केलेल्या खुणेत एक मिलिमीटर कोण बघतो?

तेव्हा उंची सेंटीमीटरच्या टेपनेच मोजा, बूट काढून, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून. सकाळी उठल्या उठल्या माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो, दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात. म्हणून मोजा ती संध्याकाळी, दिवसभर शेतात राबून आल्यावर. तेव्हा १६५ भरली तर भरतीचा फॉर्म भरा.